पगार कमी आहे हे कळतं, पण नक्की कुठे कमी आहे ते शोधायचं कसं? नोकरी करणाऱ्या बायकांसाठी पायरी-पायरीने

मी पुण्यात आधी पेरोल आणि मग एचआर अशी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणजे लोकांचे पगार ठरतात तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला मी असते. त्यामुळे आधीच सांगून टाकते, "या पोस्टला पुरुष असेल तर इतके आणि बाई असेल तर तितके" असं कुठल्याच एक्सेल शीटमधे लिहिलेलं नसतं. तरी दहा वर्षांनी एकाच बॅचच्या दोघांच्या स्लिपा शेजारी ठेवल्या की फरक दिसतोच. तो जॉइनिंगच्या आकड्यातून आलेला असतो, हुद्द्याच्या नावातून, बाळंतपणाच्या वर्षीच्या रेटिंगमधून, कुणाला ऑनसाइट (म्हणजे परदेशी क्लायंटकडे कामाला) पाठवलं आणि कुणाला विचारलंच नाही त्यातून. म्हणून "मला कमी मिळतं" एवढंच घेऊन बॉसकडे गेलात तर तो "बघू पुढच्या अप्रेझल सायकलला" म्हणणार. कमी कुठून झालं त्यावर बोट ठेवता आलं की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

हे मुख्यतः प्रायव्हेट नोकरीतल्या बायकांसाठी आहे. सरकारी नोकरीत पे मॅट्रिक्स (कुठल्या लेव्हलला किती पगार त्याचा तक्ता) सगळ्यांना दिसतं, तिथे भांडण प्रमोशन आणि पोस्टिंगचं असतं, तो वेगळा विषय.

पायरी १ : सीटीसी फोडा

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नाही. ऑफर लेटरला जोडलेलं पगाराचं ब्रेकअपचं पान काढा आणि गेल्या तीन महिन्यांच्या स्लिपा. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद (ही बहुतेक ठिकाणी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात), इन्शुरन्सचा हप्ता आणि व्हेरिएबल, असं सगळं एका कागदावर वेगवेगळं लिहा. आता त्यातलं दर महिन्याला नक्की हातात येणारं किती, आणि "कंपनीची आणि तुमची कामगिरी बघून" येणारं किती?

कारण दोघांचाही सीटीसी १२ लाख असू शकतो, पण एकाचे फिक्स ११.४ आणि व्हेरिएबल ०.६, आणि दुसरीचे फिक्स ९.६ आणि व्हेरिएबल २.४, आणि ज्या वर्षी व्हेरिएबल निम्मं मिळालं त्या वर्षी दोघांत ९० हजारांचा फरक पडला, कागदावर मात्र दोघं सारखे. याशिवाय सीटीसीच्या बाहेरच्या गोष्टी असतातच, जॉइनिंग बोनस, रिटेन्शन बोनस, शिफ्ट अलाउन्स, ऑन-कॉलचे पैसे, शेअर्स. हे सगळं "स्पेशल केस" म्हणून दिलं जातं आणि स्पेशल केस कोण ठरतं हे बघायला मजा येते.

क्रिकेटचं बघा. ऑक्टोबर २०२२ मधे बीसीसीआयने जाहीर केलं की बायकांना पुरुषांइतकीच मॅच फी, कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. चांगलाच निर्णय होता, टाळ्या वाजल्या ते बरोबरच. पण त्याच २०२२-२३ च्या वार्षिक करारात सांगलीच्या स्मृती मानधनासकट बायकांच्या सगळ्यात वरच्या ग्रेडला वर्षाला ५० लाख, आणि पुरुषांच्या ए ग्रेडला ५ कोटी, ए प्लसला ७ कोटी. शिवाय बायकांच्या कसोट्या इतक्या कमी होतात की त्या १५ लाखांची वेळच क्वचित येते. मॅच फी सारखी झाली, पण करार आणि मॅचची संख्या तिथेच राहिली. ऑफिसातही हेच करायचं, कुठला भाग सारखा आणि कुठला नाही ते वेगवेगळं बघायचं.

पायरी २ : बँड विचारा

मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत प्रत्येक ग्रेडला एक बँड असतो, किमान, मधला आणि कमाल आकडा. समजा तुमच्या ग्रेडचा बँड ८ ते १४ लाख आहे, मधला आकडा ११, आणि तुम्ही ९.२ वर आहात, म्हणजे मधल्या आकड्याच्या साधारण ८४ टक्क्यांवर. याला आम्ही कंपा-रेशो म्हणतो. नव्याने ग्रेडमधे आलेल्या माणसाला ८४ ठीक आहे, पण त्याच ग्रेडमधे चार वर्षं काढून चांगली रेटिंग घेऊन तुम्ही ८४ वर असाल तर काहीतरी चुकतंय.

एचआरला मेल टाका, "माझ्या ग्रेडचा सॅलरी बँड काय आहे आणि माझी त्यातली पोझिशन काय आहे ते कळू शकेल का?" यात दुसऱ्या कुणाचाही पगार तुम्ही मागत नाही, त्यामुळे गोपनीयतेचं कारण फारसं चालत नाही. काही जण आकडा देणार नाहीत पण "तुम्ही बँडच्या खालच्या एक तृतीयांश भागात आहात" एवढं सांगतात, तेवढंही पुरे. दहा-वीस लोकांच्या ऑफिसात बँडबिंड नसतो, तिथे थेट पुढची पायरी.

पायरी ३ : बाहेरचा आकडा काढा, आणि पुरुषांना विचारा

बायका पगाराची चौकशी मैत्रिणींकडेच करतात. मैत्रीण म्हणते मला ९ आहेत, तुम्हाला ९.२, दोघी समाधानी. आणि शेजारच्या टीममधला त्याच अनुभवाचा अमुक ११.५ वर असतो ते दोघींनाही माहीत नसतं. म्हणून निदान दोन-तीन पुरुषांना विचारा, आणि तेही "तुझा पगार किती" असं नको. नोकरी सोडून गेलेल्या जुन्या सहकाऱ्याला विचारा, "अरे, या रोलची ऑफर मला आली तर किती मागू? तू असतास तर किती मागितले असतेस?" लोक या प्रश्नाचं खरं उत्तर देतात, कारण त्यात सल्ला द्यायला मिळतो. अपॉइंटमेंट लेटरमधे पगार गुप्त ठेवायची अट असेल तर सध्याच्या सहकाऱ्यांशी आकडे बोलताना जरा जपून, रेंजवर भागवा. वेबसाइटींवरचे आकडे बघा पण त्यात जुने आणि फुगवलेले खूप असतात.

एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या वरच्या १००० कंपन्यांना सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमाने २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट द्यावाच लागतो, तो वार्षिक अहवालात असतो आणि कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यात तत्त्व ५ (प्रिन्सिपल ५) या भागाखाली एक टेबल असतं, पुरुष कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधे येणारा) आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार, शेजारी-शेजारी. आणि तत्त्व ३ च्या खाली अजून एक, पालकत्वाची रजा घेतलेल्यांपैकी किती टक्के परत आले आणि किती टिकले. इंटरव्ह्यूला जायच्या आधी ही दोन टेबलं बघून जायची, पाच मिनिटांचं काम आहे. मध्यकातला फरक म्हणजे लगेच भेदभावाचा पुरावा होत नाही, कारण बायका खालच्या ग्रेडमधे जास्त असल्या तरी तो फरक येतो. पण मग बायका खालच्या ग्रेडमधेच का, हा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारता येतो ना.

पायरी ४ : फरक कुठून शिरला?

ही खरी मेहनतीची पायरी आहे, घाई करू नका. तुमच्या नोकरीचा सगळा इतिहास वर्षावार लिहा, पगार, हुद्दा, रेटिंग, वाढीची टक्केवारी, आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं तेही. मग पुढच्या जागा तपासा.

पहिला आकडा. जॉइन होताना तुम्ही ६ लाखाला हो म्हणालात आणि शेजारच्याने भांडून ७ घेतले. दोघांनाही दरवर्षी ८ टक्के वाढ, अगदी समान न्याय. तरी दहा वर्षांनी वर्षाचा फरक १ लाखाचा २.१६ लाख होतो आणि दहा वर्षांत मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास कमी मिळालेले असतात, पीएफ आणि ग्रॅच्युइटीतला फरक वेगळाच. त्यात पुढची कंपनी "करंट सीटीसी किती" विचारते आणि त्यावर ३० टक्के देते, म्हणजे जुनी तूट तुमच्यासोबत नव्या ऑफिसात येते.

कामाचा प्रकार. सॉफ्टवेअरमधे मुली टेस्टिंग आणि सपोर्टकडे, बँकेत काउंटर आणि बॅक ऑफिसकडे, कारखान्यात क्वालिटी आणि स्टोअर्सच्या कागदपत्रांकडे. आमच्या एचआरमधेच बघा की, रिक्रूटमेंट आणि एंगेजमेंटला (रांगोळी स्पर्धेपासून सगळं) बायका, आणि युनियनशी वाटाघाटी करणारा आयआरवाला पुरुष, आणि प्लांट हेड एचआरच्या खुर्चीवर शेवटी तोच जातो. हे सगळं "तिने स्वतःच निवडलं" म्हणून खपवलं जातं. निवडलं खरं, पण कशातून? दहावीनंतर आयटीआयला फिटर, इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरू दिला का, "लग्नानंतर सोयीचं पडेल" हे वाक्य किती वेळा ऐकलं, कंपनीची बस सेकंड शिफ्टनंतर गावापर्यंत सोडते का, यातूनच ना. घरात बारावीची मुलगी असेल तर तिच्यासाठी एवढंच करा, दोन कोर्समधे निवडताना दहा वर्षांनी त्या लाइनीत माणूस कुठे पोचतो आणि किती कमावतो हे त्या लाइनीतल्याच दोघांना फोन करून विचारा.

शेतीत तर हे आकड्यानिशीच चालतं, खुरपणीची हजेरी बायकांची म्हणून कमी आणि फवारणीची पुरुषांची म्हणून जास्त, दिवसभर वाकून कंबर कुणाची मोडते ते मोजायचं नाही. असो.

न मोजलेलं काम. मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, नव्या मुलांना शिकवणं, क्लायंट येणार म्हणून जेवणाची व्यवस्था, दिवाळीचे गिफ्ट, टीममधल्या दोघांची भांडणं सोडवणं. महिनाभर लिहून ठेवा की असल्या कामात किती तास गेले. मग बघा अप्रेझलच्या फॉर्ममधे यातल्या एकाही कामासाठी रकाना आहे का.

न विचारलेली संधी. "तिचं मूल लहान आहे, ती कुठे जाणार तीन महिने जर्मनीला", हे मी मीटिंगमधे स्वतः ऐकलंय आणि बोलणाऱ्याचा हेतू अगदी चांगला होता. तिला विचारलंच नाही. ऑनसाइटचा भत्ता गेला तो गेलाच, वर पुढच्या प्रमोशनला "ग्लोबल एक्स्पोजर नाही" हा शेरा आला.

आणि बाळंतपणाचं वर्ष. हे जरा जवळून सांगते. रेटिंग ठरवायच्या मीटिंगमधे प्रोजेक्टरवर शीट लावलेलं असतं, प्रत्येक टीमला वरच्या रेटिंगच्या ठरावीक जागा असतात, कुणालातरी खाली ढकलायचंच असतं. मॅनेजर एकेक नाव घेतो, एका नावापाशी थांबतो आणि म्हणतो "ही सहा महिने नव्हतीच ना". बाकीचे मान डोलवतात, कारण त्यामुळे आपापला माणूस वाचतो. तिने उरलेल्या सहा महिन्यांत काय केलं हे त्या खोलीत कुणी वाचून दाखवत नाही. एका वर्षाची मधली रेटिंग, मग "सलग दोन वर्षं चांगली रेटिंग" या प्रमोशनच्या अटीत ते वर्ष अडकतं, म्हणजे प्रमोशन दोन वर्षं लांबतं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेची आकडेवारी लावून हेच दाखवलंय, एकाच व्यवसायात सुरुवातीला फरक कमी असतो आणि पहिल्या मुलानंतर तो रुंदावत जातो, विशेषतः जिथे कधीही हाक मारली की हजर राहणाऱ्याला जास्त पैसे मिळतात अशा नोकऱ्यांमधे. आणि हजर कोण राहू शकतं? आपल्याकडच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. पाळणाघरातून साडेसहाला मूल कोण आणतं हा प्रश्न म्हणूनच पगाराचा आहे, आठवड्यातले किमान दोन दिवस नवऱ्याच्या कॅलेंडरवर टाका आणि ते त्याच्या ऑफिसलाही दिसू देत.

पायरी ५ : फाइल

दर शुक्रवारी दहा मिनिटं. काय केलं, त्याने काय झालं, कुणी कौतुकाचा मेल टाकला. "रिपोर्टिंगचं काम केलं" असं नको, "महिनाअखेरचं क्लोजिंग सहा दिवसांवरून चारवर आणलं" असं. वर्षभराचं एका पानात बसवा. जास्त कुणी वाचत नाही, खरंच सांगते.

पायरी ६ : बोलणं

वेळ फार महत्त्वाची. एप्रिल-मार्च वर्ष असलेल्या बहुतेक कंपन्यांत वाढीचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीतच ठरत आलेलं असतं, लेटर हातात आल्यावर बोललात तर मॅनेजर खरंच काही करू शकत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधे वेळ मागा, कॉरिडॉरमधे किंवा चहाच्या टपरीवर नको, कॅलेंडर इनव्हाइट टाकून.

सुरुवात अशी करा, "सर, मला माझ्या कॉम्पेन्सेशनबद्दल बोलायचंय. मी या ग्रेडमधे चार वर्षं आहे, गेल्या तीन रेटिंग चांगल्या आहेत आणि बँडमधे मी खालच्या बाजूला आहे. या सायकलमधे मला १०.८ वर यायचंय. त्यासाठी तुम्हाला माझ्याकडून काय लागेल?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच जमत नाही आपल्याला, लगेच "म्हणजे जमत असेल तर, माझा आग्रह नाही" असं आपणच बोलून मोकळ्या होतो. आकडा नेमका सांगा, रेंज सांगितली की खालचा आकडाच ऐकला जातो.

काही ठरलेली उत्तरं येतात. "बजेट नाही", तर म्हणा "मग सप्टेंबरमधे मिड-इयर करेक्शनला माझं नाव टाकाल का? तसं मेलवर लिहू का मी?" "सगळ्यांना सारखंच दिलंय", तर "टक्केवारी सारखी आहे सर, पण बेस सारखा नाही, मी बेसबद्दल बोलतेय." आणि अजूनही कुठेतरी ऐकू येणारं "तुझ्या मिस्टरांना तर चांगला पगार आहे की", यावर चिडू नका, हसूही नका, "माझ्या कामाचं बोलूया सर" एवढंच. घरचा ईएमआय, मुलाची फी ही कारणं स्वतःहून काढायची नाहीत, नाहीतर मिस्टरांचा विषय आपणच टेबलावर ठेवल्यासारखं होतं.

मीटिंग झाली की त्याच दिवशी मेल, "आज बोलल्याप्रमाणे..." चार ओळी. हा मेल पुढे फार उपयोगी पडतो.

नोकरी बदलताना "करंट सीटीसी" विचारला तर खोटं सांगू नका, स्लिप मागतात. पण आधी "या रोलसाठी तुमचं बजेट काय ठरलंय?" हे विचारून घ्या, आणि सांगावाच लागला तर लगेच जोडा की "पण माझी अपेक्षा या रोलच्या बाजारभावावर आहे, सध्याच्या पगारावर नाही." ब्रेकनंतर परत येताना तर हे नक्कीच, पाच वर्षांपूर्वीच्या पगारावर ३० टक्के हा हिशोब मान्य करायचाच नाही.

पायरी ७ : मॅटर्निटी रजेची तयारी

हक्क थोडक्यात. गेल्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. रजेचा पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो, त्यामुळे थकलेली वाढ किंवा प्रमोशनचं लेटर असेल तर रजेवर जायच्या आधी मागून घ्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. रजेवर असताना काढून टाकणं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे.

आता जे कायद्यात लिहिलेलं नाही ते. जाण्याआधी मॅनेजरला मेल टाका, माझ्याकडे आत्ता ही तीन अकाउंट्स आहेत, परत आल्यावर मी हाच रोल घेईन असं धरतेय, बरोबर ना? आणि रेटिंग मी काम केलेल्या महिन्यांवरच ठरेल ना? सोबत त्या महिन्यांचं एक पान जोडा, म्हणजे त्या प्रोजेक्टरच्या खोलीत तुमच्या मॅनेजरकडे वाचायला काहीतरी असेल. परत आल्यावर "तुला थोडं हलकं काम देऊ" ही ऑफर चांगल्या मनाने येते, घ्यायची तर घ्या, पण किती महिन्यांसाठी ते लिहून घ्या. हलकं काम तसंच चिकटून राहतं.

पायरी ८ : नाहीच ऐकलं तर

आधी कंपनीतली लेखी तक्रार, एचआर आणि मग ग्रीव्हन्स कमिटी असेल तिथे. त्यात भावना कमी आणि पायरी १ ते ५ चे कागद जास्त.

कायदा आपल्या बाजूने आहे आणि जुना आहे. १९७६ चा समान वेतन कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. त्यातही हेच आहे, सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून पगारात भेद करता येणार नाही, आणि भरतीतही नाही. बरोबरी साधायला दुसऱ्याचा पगार कमी करणंही चालत नाही, त्यामुळे "तुझ्यामुळे आमचे कापतील" म्हणणाऱ्या सहकाऱ्याला हे दाखवा. सुपरवायझर, मॅनेजर हेही या संहितेत कर्मचारी म्हणून येतात. शिवाय महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही भरती, बदली, बढती, वेतन यात स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची केस मुंबईचीच आहे. ऑड्री डी'कोस्टा या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंना त्यांच्यापेक्षा जास्त पगार. कंपनीचं म्हणणं, या बायका साहेबांच्या हाताखाली बसतात, त्यांचा वर्गच वेगळा, आणि पगार तर युनियनशी करार करून ठरलाय. १९८७ मधे सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. काम सारख्या स्वरूपाचं असेल तर वर्गाला वेगळं नाव दिल्याने किंवा युनियनने सही केल्याने भेद कायदेशीर होत नाही, आणि आम्हाला परवडत नाही हीसुद्धा सबब चालत नाही. म्हणून तुमच्या आणि त्याच्या हुद्द्याचं नाव वेगळं आहे म्हणून लगेच गप्प बसू नका, कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती, या पाच गोष्टी शेजारी-शेजारी मांडा.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात चौकशी करून करायचा. स्वतः करता येतो किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत, आणि थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे "नोकरी सोडल्यावर बघू" म्हणत बसलात तर जुने महिने एकेक करून हातातून जातात. आधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा फाइल दाखवा, एका कन्सल्टेशनचे पैसे जातील तेवढे जाऊ देत. आणि कागद गोळा करताना फक्त स्वतःचे घ्या, तुमचं ऑफर लेटर, स्लिपा, रेटिंगची लेटर्स, तुम्ही पाठवलेले आणि तुम्हाला आलेले मेल, जॉब डिस्क्रिप्शन. दुसऱ्यांच्या पगाराचं शीट शेअर्ड ड्राइव्हवर चुकून उघडं सापडलं तरी डाउनलोड करून स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पगाराची केस बाजूला राहते आणि डेटा चोरीची नोटीस आधी येते.